तुमचा वार कोणता?

नवस बोलायचाच असेल तर माणसानं निदान स्वतःच्या नावावर बोलावा, ही अक्कल मला फार उशिरा आली. मी बोलले तो यांच्या नावावर, आणि तोही यांना न विचारता. अमरावतीच्या दवाखान्यात यांना आत नेलं होतं, हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवायची होती. मी बाहेर लोखंडी बाकड्यावर बसले होते. खिडकीतून सूर्य खाली उतरताना दिसत होता आणि एकदम लक्षात आलं, आज शुक्रवार. घरी असते तर एव्हाना दिव्याचा ग्लास घासून पुसून ठेवला असता. इथे ना दिवा, ना तेल. हातात होती फक्त यांची चप्पल, पिशवीत घातलेली. तशीच ती पिशवी छातीशी धरली आणि संकटात धावून येणाऱ्या आमच्या प्रेषिताला मनात म्हटलं, एलियाहू हनाबी, हे धडधाकट घरी आले तर दर शब्बाथला, शनवारच्या विसाव्याच्या दिवशी, यांना कामाला हात लावू देणार नाही.

हे घरी आले. धडधाकट आले. आणि तिसऱ्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी, आमच्या तेलाच्या घाण्याशी उभे राहिले.

आमची ओळख सांगायला हवी, कारण कारंज्यात बावीस वर्षं काढूनही ती आम्हाला रोज सांगावीच लागते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मूळचे कोकणातले. मी साडी नेसते, मंगळसूत्र घालते, घरात मराठीच बोलते. त्यामुळे लोकांना आम्ही कोण ते काही केल्या उमगत नाही. आमच्यात देवळाला पूर्वापार मशीद म्हणतात. सणाला आम्ही ठाण्याच्या मशिदीत जातो असं मी एकदा शेजारणीला सांगून बसले, तेव्हापासून ती बिचारी दर रमजानला मला खजूर आणून देते. मीही घेते. खजूर चांगले असतात.

हे मशीन फिटर. इथल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचं यंत्र बसवायला म्हणून सहा महिन्यांसाठी आले आणि राहिले ते राहिलेच. पुढे नोकरी सोडून यांनी लाकडी घाणा टाकला. करडई, जवस, तीळ, भुईमूग. कोकणात आमच्या लोकांचा धंदाच तो होता. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजारपाजारचे त्यांना शनवार तेली म्हणायचे. यांच्या आजोबांनी घाणा सोडून रेल्वेत नोकरी धरली आणि ते नावही गावातच राहिलं. घाण्याच्या उद्‍घाटनाला हे मोठ्या ऐटीत म्हणाले होते, "आजोबांनी सोडलं ते मी पुन्हा धरलं." मी तेव्हाच म्हटलं होतं, "अर्धंच धरलंत. तेल धरलंत आणि शनवार सोडलात." हे हसले होते. पुढेही वर्षानुवर्षं हसतच राहिले.

तसं शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी सगळं व्हायचं. मी सूर्य पाण्याच्या टाकीच्या मागे जायच्या आत दिवा लावायची. ग्लासात पाणी, वर तेल, मधे वात. काळे मनुके भिजवून त्यांचं सरबत करायची, चपात्या फडक्याखाली झाकून ठेवायची. हे डोक्यावर टोपी घालून किद्दुश, म्हणजे सरबतावरचा आशीर्वाद, म्हणायचे, आणि मांडीवर फोन थरथरत असायचा. घाण्याचं तेल हल्ली पुण्या-मुंबईला कुरिअरनं जातं. लोक रात्री-बेरात्री फोनवर मागणी टाकतात आणि निळी खूण दिसली की उत्तराची वाट बघतात. आशीर्वादाचे शब्द तोंडात आणि नजर मांडीवर. मी एकदा चिडून म्हटलं, "देवाला तरी 'बघतो आणि कळवतो' असं सांगू नका." त्यांनी फोन उलटा ठेवला. थरथर काही थांबली नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पोती उचलायची नाहीत, आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांती. पूर्ण म्हणजे पूर्ण. मला तर हर्षच झाला. म्हटलं, देवाचं आणि डॉक्टरचं एकच मत पडलंय, आता हे कुठे जातील. पण हे म्हणाले, शनिवारीच गिऱ्हाईक जास्त असतं, एकदा दुकानाला कुलूप दिसलं की माणूस दुसरीकडे वळतो. मी रुसले, भांडले, मुलीला ठाण्याहून फोन करायला लावला. दर शुक्रवारी दिवा लावताना माझा जीव खालीवर व्हायचा. बोललेला नवस फिटला नव्हता, आणि ज्याच्यासाठी बोलला तो माणूस पोत्याला हात घालत होता. सामुदायिक प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात. इथे आम्ही दोघं, त्यातले एक फोनवर. अशा ठिकाणी आपली हाक वर पोचते तरी का, असं मनात यायचं. खरं सांगायचं तर माझा विश्वास पार ढिला झाला होता आणि हे मी कुणालाच बोलले नव्हते.

होळी होऊन गेली होती, करडईचे दिवस होते. शुक्रवारी दिव्यात मी तेल जरा जास्तच घातलं. का, ते सांगता येणार नाही. यांचा चेहरा मला दोन दिवस उतरलेला वाटत होता, पण विचारलं की "काही नाही, ऊन लागलं" एवढंच. शनिवारी सकाळी घाण्यावरचा माणूस आला नाही, त्याच्या सासुरवाडीला कार्य होतं. म्हणजे आज पोती कोण उचलणार, हे उघडच होतं. मी ओट्याशी उभी राहून तणतणत पार्सलं बांधत होते. नऊ वाजता दारात रिक्षा थांबली आणि एक म्हातारे गृहस्थ उतरले. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. बरोबर करडईची दोन पोती.

"किन्हीराजाहून आलो," ते म्हणाले. "पहिल्या यष्टीनं. नातीचं लगन हाय, तेल पाह्यजे मले. तुमच्या घान्याचं लय नाव आयकलं."

यांनी त्यांना पाणी दिलं, घाण्याचं बटण दाबलं आणि पहिल्या पोत्याची सुतळी सोडली. दोन पोती म्हणजे सहा तासांचं काम. मला पार्सलाची चिकटपट्टी दातानं तोडता तोडता दिसलं, हे पोत्यावर वाकले आणि तसेच थांबले. डावा हात उजव्या हातानं चोळला. मग पुन्हा वाकले.

म्हातारबुवांनीही ते पाहिलं असावं. आमचा घाणा पुढच्या खोलीत, स्वयंपाकघर लगेच मागे. तिथे फळीवर कालचा दिवा अजून जळत होता. तिकडे बघून त्यांनी मला विचारलं, "बाई, इतक्या उजेडात दिवा काहून ठेवला?"

मी म्हटलं, "काका, आमचा तो वार असतो. काल सूर्य बुडाल्यापासून आज चांदण्या दिसेपर्यंत. दिवा आपला आपण विझू द्यायचा."

"काय करता मंग वाराले? उपास?"

"उपास नाही. चांगलं खायचं. फक्त काम करायचं नाही."

घाण्याची लाकडी लाट करकर फिरत होती. मग अगदी साधेपणानं, वाट विचारावी तसं ते म्हणाले, "मंग हे काहून चालू करून राह्यले?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे कसनुसं हसले. "पोटापाण्याचं बघावं लागतं, काका. गिऱ्हाईक दारात आल्यावर नाही कसं म्हणायचं?"

"आमी सोमवारी बैल नाई जुपत," म्हातारबुवा म्हणाले. "महादेवाचा वार. माह्या बापानं नाई जुपला, म्या नाई जुपला. खोटं कायले बोलू, एका साली जुपला. पेरनीचा टाइम, आभाळ भरून आलं होतं, दम नाई निंगला. अर्ध्या तासात बैल वावरातच बसला. मारलं, शेपूट पिरगाळलं, नाई उठला. सारं गाव पाहून राह्यलं होतं. मंगळवारी सकाळी उठला आपल्या मनानं, आन चालाले लागला."

"आणि पेरणी?" यांनी विचारलं.

"झाली नं. मंगळवारी झाली." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "बैलाले समजते, भाऊ, कवा बसाचं. तुमाले कोन सांगन?"

म्हातारबुवा उठले, ज्यातलं अजून काही घाण्यात पडलं नव्हतं त्या पोत्याचं तोंड त्यांनी गोळा केलं आणि सुतळी पुन्हा बांधली. चांगल्या दोन गाठी मारून. "माह्या मालाच्या पायी तुमचा वार नोका मोडू. मी उद्या येतो. इतं भाचीचं घर हाय."

हे म्हणाले, "अहो पण लग्न आहे ना तुमच्याकडे?"

"लगन काय आज हाय?"

मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. मनातल्या मनात म्हटलं, बघा, आता तरी ऐका कुणाचं. तेवढ्यात ते दारातून माझ्याकडे वळले. माझ्या एका हातात चिकटपट्टी, दुसऱ्या हातात कात्री, दंडाला पत्त्याची चिठ्ठी चिकटलेली.

"बाई," ते म्हणाले, "तुमी बसा आंधी. तुमी उभ्या हा, म्हून थे बसत नाईत."

आणि ते गेले.

माझा चेहरा त्या वेळी कसा झाला असेल ते मला ठाऊक नाही. राग आला, हे कबूल करते. इतकी वर्षं मी यांच्या मागे लागले होते, शनवार पाळा, शनवार पाळा, आणि दर शनिवारी सकाळी मीच ओट्याशी उभी राहून पार्सलं बांधत होते. मी यांना थांबवायचा नवस बोलले होते. मी थांबेन असं कुठे बोलले होते? लहानपणी वडील ती आज्ञा वाचून दाखवायचे, तू काम करायचं नाहीस, तुझ्या मुलाबाळांनी नाही, घरच्या चाकरानं नाही, दारच्या परक्यानं नाही, आणि बैलानंही नाही. ठाण्याच्या चाळीत आमच्याकडे बैल कुठला असणार. आम्ही भावंडं वाचनात बैलापर्यंत आलो की फिदीफिदी हसायचो. सगळ्यात आधी 'तू' आहे, तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

मी कात्री खाली ठेवली. उंबऱ्याशी स्टूल होतं, त्यावर बसले. नुसती बसले. हात मांडीवर. पार्सलं अर्धी उघडी होती, त्यांच्याकडे पाठ केली. हे माझ्याकडे असे बघत राहिले जणू मला चक्कर आली आहे. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. शब्बाथ आहे." मग त्यांनी बराच वेळ दारावरच्या मेझुझाकडे, चौकटीवर ठोकलेल्या आज्ञेच्या डबीकडे, पाहिलं. येता-जाता बोटं लावून ओठांना लावायची सवय असते, त्यामुळे आम्ही त्याच्याकडे कधी बघतच नाही. मग ते भिंतीशी गेले आणि मेनच बंद केला.

घाणा थांबल्यावर आमच्या घरात इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं. बाहेर कुणी तरी चादर झटकत होतं, तेही ऐकू आलं. यांनी खिशातला फोन काढला आणि माझ्या हातात दिला. कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून मी तो पिठाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. हे आत गेले, कॉटवर आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

ते सहा तास झोपले. मी तीनदा जाऊन नाकाशी बोट धरून पाहिलं. ऊन ओसरीवरून भिंतीवर चढलं, दिवा आपला आपण विझला. मी दुपारी कालचाच थंड भात आणि आमटी खाल्ली आणि काहीच केलं नाही. सुरुवातीला हात शिवशिवत होते. मग कधी तरी ते शांत झाले आणि मला रडू आलं. दुःखाचं नाही. दवाखान्यातल्या बाकड्यावर जी पिशवी मी छातीशी धरली होती, ती बहुतेक इतके दिवस धरलेलीच होती. ती त्या दिवशी खाली ठेवली गेली. यांचा जीव माझ्या हातात नव्हता, कधीच नव्हता. मी उभी राहिले काय आणि पळत सुटले काय, तो ज्याच्या हातात आहे त्याच्याच हातात राहणार. हे इतकं साधं, पण कळायला मला स्टुलावर बसावं लागलं.

चार वाजता हे उठले. चूळ भरली आणि म्हणाले, "छाती हलकी वाटतेय. परवापासून दुखत होती." मी म्हटलं, "परवापासून?" यांनी मान खाली घातली. मग काय, माझा शब्बाथ तिथेच संपला. जिवाचा प्रश्न असेल तर आमच्यात शब्बाथ मोडायला परवानगी आहे, परवानगी कसली, हुकूमच आहे. मी रिक्षा थांबवली आणि यांना तसंच डॉक्टरकडे नेलं. वाटेत जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, रक्त तपासायला दिलं, दोन तास बसवून ठेवलं. शेवटी म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, गोळ्या बदलून देतो. मग सहज विचारलं, आज दिवसभर काय केलं? "झोपलो," हे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "फार चांगलं केलंत. आज पोती उचलली असती तर आपण इथे बोलत बसलो नसतो." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बाहेर पडलो तेव्हा एस.टी. स्टँडच्या वर तीन चांदण्या दिसत होत्या. रीतीप्रमाणे शब्बाथ तेव्हा संपला. इतक्या वर्षांनी धरलेला पहिला शब्बाथ, आणि त्यातही आम्ही रिक्षात बसलो. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. रस्ताभर मी यांचा हात धरून होते, कारंज्यातल्या भर रस्त्यावर.

रविवारी पहाटे उठून मी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर सुकामेवा आणि फळं. नवस फिटला की एलियाहू हनाबीच्या नावानं आम्ही तो करतो. हा एलियाहू अनोळखी माणसाच्या वेशात दारात येतो असं आमच्याकडे मानतात. मी काही ठरवत नाही. कारण ते किन्हीराजाचे काका नऊ वाजता हजर झाले आणि आल्या आल्या तेल कमी निघेल म्हणून कुरकुरायला लागले. घाण्यावरचा माणूस परत आला होता, पोती त्यानंच उचलली. गाळून झाल्यावर राहिलेल्या चोथ्याची सगळी ढेप गोणीत भरून द्या, म्हणून काकांनी यांच्याशी हुज्जत घातली. "घरी म्हैस हाय," म्हणाले. स्वर्गातून आलेला माणूस ढेपेसाठी इतका भांडेल असं मला वाटत नाही.

मी त्यांना वाटीत मलिदा दिला. त्यांनी चवीनं खाल्ला. "आमच्या परसादावानी लागते. कोनत्या देवाचा हाय?"

मी नाव सांगितलं. तो कसा येतो तेही सांगितलं.

त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. "मंग? आला का?"

मी म्हटलं, "अजून एक वाटी घ्या, काका."

त्यानंतर दारावर पाटी लागली, शनिवारी बंद. पहिले काही आठवडे हे पिंजऱ्यात कोंडल्यासारखे फिरायचे, आणि मीही. फोन दर शुक्रवारी पिठाच्या डब्यात जातो. दोनदा चपातीला त्याच्या तेलकट कव्हराचा वास आला, पण चालायचंच. गिऱ्हाईक तुटलं का? काही तुटलं. काही रविवारी यायला लागलं. यांचा चेहरा मात्र आता माझ्या ओळखीचा दिसतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी दुपारी फोन आला. मी चपात्या लाटत होते म्हणून यांनी आवाज मोठा करून ठेवला होता. पोहरादेवीकडचे कुणी गृहस्थ होते, कधी नाव ऐकलेलं नाही. म्हणाले, "तीळ घेऊन येऊन राह्यलो जी. स्टँडवर पुसलं तं लोकाईनं हाच नंबर देला. थे शनवार तेल्याचं दुकान तुमचंच काय?"

माझं लाटणं थांबलं. हे नाव कारंज्यात आम्ही कुणाला सांगितलेलं नाही. सांगणार तरी कशाला, आम्हालाच ते घरातल्या जुन्या गप्पांपुरतं ठाऊक. लोकांनी बंद दार पाहिलं आणि त्यांचं त्यांनी ठेवलं, जसं कधी काळी कोकणात ठेवलं होतं. हे फोन हातात धरून उभे होते. डोळे भरले होते. पलीकडून दोनदा "हॅलो, हॅलो" आलं.

"हो," हे म्हणाले. "आमचंच. पण लवकर या, सूर्य बुडायच्या आत."